विचारा की! ल्योंचा उन्हाळा, साडेनऊची दिवेलागण आणि आपली चादर

एप्रिलच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, जेकार्डला (भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाला) जेकार्ड का म्हणतात. उत्तर देताना ओघात लिहून गेलो की ते एका माणसाचं आडनाव, तो फ्रान्समधल्या ल्यों गावचा, आणि त्या गावात मी आणि आमची मंडळी लेकीकडे एक उन्हाळा काढून आलोय. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो ते ऑगस्ट संपताना परतलो, व्हिसाचे ९० दिवस जवळजवळ वसूल. (नकाशात लिऑन दिसेल. तिथले लोक नाकातून ल्यों म्हणतात.) जेकार्ड राहिलं बाजूला, तेव्हापासून टपाल येतंय ते उन्हाळ्याचं. म्हणून या वेळी गुडघे, गच्चीची गळती आणि घरपट्टी हे नेहमीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत.

आधीच सांगतो, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं चादरीचे ग्राफ काढले, कार्डं पंच केली. प्रवासवर्णन हा माझा धंदा नाही. जिथे बसलो तिथून जे दिसलं तेवढंच सांगणार. आणि बसलो मात्र भरपूर.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त ल्योंला आहे. जूनमध्ये आम्हा दोघांना बोलावतोय. तो आणि सून दिवसभर कामावर. आमची वयं ७२ आणि ६७. भाषा येत नाही. दिवस कसा जायचा? (एक काकू, जुळे सोलापूर)

काकू, दिवस कसा जायचा ही काळजीच करू नका. तिथे दिवस जात नाही, हीच अडचण आहे.

पहिल्या संध्याकाळची गोष्ट सांगतो. आमच्या हिने निरंजन, वाती, काडेपेटी सगळं लेकीच्या ओट्यावर काढून ठेवलं आणि दिवेलागणीची वाट बघत बसली. सात वाजले. भिंतीवर लख्ख ऊन. आठ वाजले, तरी ऊन तिथंच, फक्त जरा पिवळं झालेलं. साडेआठला म्हणाली, "अहो, यांचं घड्याळ बरोबर आहे ना?" सूर्य मावळला साडेनऊनंतर, आणि त्याच्याही पुढे अर्धा तास वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड. सोलापुरात जूनमध्ये सातला सूर्य बुडतो, आपला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या जरा पुढे. त्यांचा साडेपंधरा तासांहून मोठा. सोलापूर १७ अंशांवर, ल्यों ४५च्या पुढे, त्यात मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत ते लोक घड्याळच एक तास पुढे करतात. कारण एवढंच. पण हे हिला पटवून उपयोग नव्हता. तिचा प्रश्न खगोलशास्त्राचा नव्हता, शुभं करोति कधी म्हणायचं हा होता. चार दिवस साडेनऊपर्यंत ताटकळली, मग निर्णय घेतला की देव सोलापूरचे, तेव्हा वेळही सोलापूरची. तेव्हापासून रोज सातला, देवाच्या तोंडावर ऊन असताना, दिवा लागायचा.

आणि दिवा लागला की आम्ही बाहेर. खरा उन्हाळा तिथे संध्याकाळी सातलाच सुरू होतो. ल्योंला दोन नद्या आहेत. रोन आल्प्सच्या बर्फातून येते, हिरवट, गार, ओढीची. दुसरीचं नाव सोन, ती संथ. दोघी गावाच्या दक्षिणेला मिळतात. रोनच्या डाव्या काठावर पूर्वी नुसत्या मोटारी उभ्या असायच्या म्हणे. २००७ साली तिथला वाहनतळ काढून काठ चालायला, सायकलींना, बसायला मोकळा केला. गियोतिएर पुलाजवळ नदीकडे उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या आहेत. आपल्या गणपती घाटावर बसतो तसं बसायचं. मला त्या काठावर सगळ्यात काय आवडलं असेल तर हे, की तिथे बसायला कारण लागत नाही. कचेरीतून सुटलेला माणूस बूट काढून पाय पसरतो. पोरं पोरी चिप्सची पिशवी फोडतात. एक म्हातारं जोडपं रोज घडीच्या दोन खुर्च्या, एक टोमॅटो, एक पाव आणि चाकू घेऊन यायचं. टोमॅटो कापून मीठ लावून खायचे, नदी बघायचे, खुर्च्या घडी करून जायचे. नमस्कारापलीकडे आमचं बोलणं झालं नाही, पण दोन दिवस ते दिसले नाहीत तर ही मला दहादा विचारायची.

काकांना मैदानातला लोखंडी गोळ्यांचा खेळ नक्की आवडेल. मोठ्या माणसांच्या गोट्याच म्हणा. लाकडी छोटी गोटी आधी टाकायची, मग आपला गोळा तिच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. ल्योंचा स्वतःचा जुना प्रकार आहे, त्यात धावत येऊन गोळा मारतात. पेताँक नावाचा दुसरा प्रकार दक्षिणेकडच्या ला सिओता गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाला, कारण संधिवाताने एका खेळाडूला धावता येईना. म्हणून नियमच केला, पाय जागचे हलवायचे नाहीत. संधिवातासाठी नियम बदलणारा खेळ मी दुसरा ऐकलेला नाही. काकांना सांगा, गुडघ्याचं निमित्त चालणार नाही.

प्रश्न : फ्रान्समध्ये उन्हाळा तो कसला? ३५ अंशांना ते लोक लाट म्हणतात. आम्ही ४३ मध्ये नव्या पेठेत खरेदी करतो. (एक वाचक, विजापूर वेस)

असंच हसत मी गेलो होतो. रडत नाही आलो, पण हसणं बंद झालं.

लेकीचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, कौलाखाली. पंखा नाही. भिंतीला पंखा लावायला हूक नाही, छताला तर नाहीच. घरं बांधली ती थंडी अडवायला. आत शिरलेली ऊब ती सोडत नाहीत, आणि जुलैत नेमकं तेच नडतं. बाहेर ३७ म्हणजे आपल्याला काहीच नाही, पण आपल्याकडे ३७ला पंखा पाचवर असतो, माठ असतो, दुपारी दार लोटून फरशीवर आडवं होता येतं. तिथे लाकडी जमीन. फरशीचा गारवा काय चीज आहे हे मला वयाच्या ६८व्या वर्षी परदेशात कळलं.

आणि त्यांच्या लाटेला हसू नये. ऑगस्ट २००३ मधल्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली, त्यातली बहुतेक म्हातारी, कितीतरी एकटी राहणारी. तेव्हापासून गावोगावच्या नगरपालिका अशा लोकांच्या नावांची नोंद ठेवतात आणि लाटेत फोन करून चौकशी करतात. २८ जून २०१९ला दक्षिणेकडे ४६ अंश झाले होते, नव्या पेठेतही तेवढे सहसा होत नाहीत.

लाटेला ते कानिक्यूल म्हणतात. शब्दाच्या पोटात कुत्रं आहे. लॅटिनमध्ये कानिक्युला म्हणजे छोटी कुत्री, आणि तेच व्याधाच्या ताऱ्याचं नाव. भर उन्हाळ्यात तो तारा पहाटे सूर्याच्या आगेमागे उगवतो, म्हणून जुन्या रोमन लोकांनी उकाड्याचं खापर त्याच्यावर फोडलं. गंमत बघा, मृग आणि व्याध आकाशात शेजारी शेजारी. आपण मृगाकडे बघून पाऊस मागायचा आणि त्यांनी व्याधाकडे बघून घाम पुसायचा.

यावर त्यांचा उपाय फार शहाणा आहे. खिडकीला बाहेरून लाकडी झडपा असतात. सकाळी आठला, ऊन चढायच्या आत, काच आणि झडप दोन्ही बंद. दिवसभर घरात बोगद्यासारखा अंधार. रात्री दहाला सगळं सताड उघडायचं. गल्लीतल्या सगळ्या झडपा मागेपुढे करत खाड खाड उघडतात आणि समोरासमोरच्या खिडक्यांत माणसं कोपरं टेकून उभी राहतात. कोणाच्या हातात फळाची फोड, कोणाच्या हातात पेला. वर आकाशात पाकोळ्यांसारखे पक्षी किंचाळत गिरक्या घेतात. ती दहा मिनिटं मला फार आवडायची. सोलापूरचं योगदान म्हणाल तर मी लेकीचा टर्किश टॉवेल ओला करून पिळून खिडकीत टांगायला सुरुवात केली. आठवड्याभरात समोरच्या खिडकीतही एक टॉवेल लोंबला. आपलाच शिष्य, असं मी धरून चाललोय.

प्रश्न : पोहायला काय सोय? (एक तरुण वाचक, सात रस्ता)

सोय उत्तम. नदीकाठी उघडा तलाव आहे, १९६० च्या दशकात बांधलेला. गेलास तर एवढं लक्षात ठेव, ढगळ हाफ पँट चालत नाही. अंगाला घट्ट बसणारी पोहण्याचीच चड्डी लागते, डोक्याला टोपी लागते. कारण स्वच्छतेचं देतात, रस्त्यावर घातलेली पँट पाण्यात नको. मी एका तलावावर गुडघ्यापर्यंतची सुती पँट घालून गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी हातानेच आखूड, आखूड अशी खूण केली. या वयात तेवढं आखूड मी घालणार नाही. परत आलो आणि कारंज्यात पाय सोडून बसलो.

प्रश्न : खाण्याचं काय? आम्ही शुद्ध शाकाहारी. शेंगा चटणी, कडक भाकरी, तूप, थोडे आंबे बांधून नेऊ का? (एक ताई, बाळीवेस)

शेंगा चटणी आणि कडक भाकरी बिनधास्त. तूप, पेढे, खवा मात्र नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून सामानातून युरोपात न्यायला बंदी आहे. आंबाही नको. ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, त्यातून सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन या पाचांना. आंबा त्यात का नाही, हा प्रश्न मीही मनात अनेकदा विचारलाय.

पण आंब्याचं दुःख फार टिकत नाही, कारण जूनमध्ये तिथे चेरी येते. आम्ही राहायचो त्या क्रुआ रूस टेकडीवर रस्त्याच्या कडेने लांबच लांब बाजार भरतो, सोमवार सोडून रोज सकाळी. चेरी, मग जर्दाळू, मग पीच. जर्दाळू म्हणजे आपण दिवाळीत पाहतो ती सुकलेली सुरकुतलेली गोटी नव्हे. ताजा जर्दाळू दोन बोटांनी उघडला की दोन वाट्या सुटतात, आणि वास येतो तो थोडा पिकल्या आंब्याच्या कोयीजवळचा. हिला तो पहिल्यांदा खाल्ल्यावर गहिवरून आलं. मी तसं म्हणालो की ती नाकारते.

दोन नियम. एक, दुकानात शिरल्यावर आधी "बोंजूर". भाव नंतर, वस्तू नंतर. बोंजूर न म्हणता थेट बोट दाखवलंत तर समोरचा माणूस ऐकू आलं नाही असा चेहरा करतो. हा एक शब्द आला की तीन महिने निघतात, शपथेवर सांगतो. दोन, फळाला हात लावायचा नाही. आपण खरबूज घेताना वास घेतो, टिचकी मारतो, देठाजवळ अंगठा दाबतो, चार परत ठेवतो. मी सवयीने उचललं आणि गाडीवाल्या बाईंनी माझ्या हातातून काढून घेतलं. मग लेकीला काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, "बाबा, त्या विचारतायत, आज खायचंय की उद्या?" मी म्हणालो, आज, जेवणानंतर. बाईंनी ढिगातली तीन खरबुजं उचलून नाकाशी नेली, एकाच्या देठाभोवतीची बारीक चीर मला दाखवली आणि तेच दिलं. घरी कापलं तर आत केशरी, रस ताटलीत वाहिला. पुढच्या खेपेला मी मुद्दाम "उद्या" म्हणालो, परीक्षा घ्यायला. दुसऱ्या दिवशी कापलं, तसंच निघालं. तिसऱ्या खेपेपासून मी फळाला हात लावला नाही.

एक पदार्थ तुम्हाला चालेल असा. नाव ऐकून दचकू नका, "विणकराचा मेंदू". सेर्व्हेल द कानू म्हणतात. कानू म्हणजे ल्योंचा रेशीम विणकर. प्रत्यक्षात तो पांढऱ्या ताज्या चीजचा चक्का, त्यात लसूण, छोटा कांदा, पातीसारखी हिरवी पानं, व्हिनेगर, तेल, मीठ, मिरी. पावाला किंवा उकडलेल्या बटाट्याला लावून खातात. गरीब विणकरांचं खाणं होतं ते. (चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं म्हणून काही शाकाहारी मंडळी ते टाळतात, तुमचं तुम्ही ठरवा.) आमच्या हिने त्यात दोन चमचे शेंगा चटणी घातली. ल्योंच्या लोकांनी माफ करावं, पण पदार्थ पूर्ण झाला.

आणि पाणी. हॉटेलात नळाच्या पाण्याची सुरई मागा, फुकट मिळते. बाटली घेऊ नका. रस्त्यात नळ आहेत, त्यांचं पाणी पिण्याचंच. पहिल्या सकाळी मी उठलो तर लेकीच्या घरातली झाडून सगळी पातेली, बादली, फुलदाणीसुद्धा भरलेली. ही म्हणाली, "पाणी आलंय, भरून घेतलं." लेक हसली आणि मग जरा गप्प झाली. सोलापूरकरांना यापुढे सांगायला नको.

प्रश्न : आमचे चार लूम होते, दोन विकले. ल्योंमध्ये आजही कोणी विणतं का? तिथे जाऊन तुम्ही काय पाहिलंत? (एक वाचक, अशोक चौक)

भाऊ, तुमच्या पत्राची मी वाटच बघत होतो.

कारखाने म्हणून विचाराल तर जवळजवळ संपले. थोडं उंची रेशीम अजून विणलं जातं, आणि क्रुआ रूसवर विणकरांचं एक संग्रहालय आहे, तिथे हातमाग चालवून दाखवतात. पण गाव विणकरांनी बांधलंय हे दोन पावलांवर कळतं. टेकडीवरच्या जुन्या घरांना चार मीटर उंच छत. श्रीमंती म्हणून नव्हे. झाकारचा माग आत उभा राहावा म्हणून. (तिकडे जेकार्डचं "झाकार" होतं. लेकीने मला त्याच्या पुतळ्यासमोर उभं करून तीनदा म्हणायला लावलं.) माग खाली, माणसं वर लाकडी माळ्यावर झोपायची. खिडक्या उंच, कारण धाग्याचा रंग दिव्यात फसवतो. आज त्याच घरांना भाडं जास्त, कारण उंच छतामुळे जुलैत त्यातल्या त्यात गार राहतात. विणकराच्या गैरसोयीची चैन झाली.

मागाच्या आवाजाला ल्योंच्या बोलीत शब्द आहे, "बिस्तांक्लाक पाँ". संग्रहालयात बाईंनी पायटा दाबला, धोटा गेला, फणी आपटली, आणि मला वाटलं, अरे, हे तर आमच्या पूर्व भागातल्या गल्लीतून येतंय. आपण खटक खटक म्हणतो, त्यांनी पूर्ण वाक्य केलंय एवढंच. तिथे दोरीने ओवलेल्या कार्डांची माळ वरून खाली येत होती. मी बत्तीस वर्षं जिथे भोक पाडलं ती तीच जागा. भोक असेल तर सुई आत, ताणा (उभा धागा) वर. भोक नसेल तर ताणा खाली. बस. या झाकारने १८०४च्या सुमारास हे जुळवलं, त्याच्याआधी बूशों, फाल्कों, व्होकांसों या फ्रेंच माणसांनी वाट थोडी थोडी खणून ठेवली होती. त्याच्या मृत्यूनंतर, १८३९ साली, ल्योंमध्ये त्याचं चित्रच त्याच्या मागावर रेशमात विणलं. त्याला लागली २४,००० कार्डं. तुम्हाला म्हणून सांगतो, हा आकडा ऐकून मी खाली बसलो. एक कार्ड चुकलं की फुलाची पाकळी फाटते, आणि यांनी माणसाचं नाक, डोळे, बोटं, सगळं विणलं.

हेच विणकर १८३१ साली दरासाठी रस्त्यावर उतरले, आणि परत १८३४ला. काम करत जगू नाहीतर लढत मरू, अशी त्यांची घोषणा. आपल्या गिरण्यांच्या, १९३०च्या मार्शल लॉच्या गावात वाढलेल्या माणसाला ती भाषांतर करून सांगावी लागत नाही.

तुमच्यासारख्याने उन्हाळ्यात गेल्यावर एक करावं. भर दुपारी त्राबूलमधून फिरावं. त्राबूल म्हणजे घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणारी वाट. रेशमाचे गठ्ठे पावसात भिजू नयेत म्हणून विणकरांना त्यांचा उपयोग व्हायचा. दार ढकलायचं, आत अंधार, दगडाचा गार वास, वर आकाशाचा तुकडा, जिना, आणि दोन मिनिटांत भलत्याच रस्त्यावर उन्हात डोळे मिचकावत उभे. आत माणसं राहतात, तेव्हा हळू बोलायचं. बाहेर ३६ असताना आत आपल्या भुईकोटाच्या देवडीत उभं राहिल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी टेकडीच्या टोकाला जावं. बोगदा खणताना सापडलेली एक प्रचंड शिळा तिथे मांडून ठेवलीय, कधीकाळी हिमनदीने आल्प्सकडून वाहून आणलेली. तिच्यापाशी बाकं आहेत. हवा फार स्वच्छ असेल तर पूर्वेला आल्प्सचा माँ ब्लाँ डोंगर दिसतो. एकदा दिसला. शेजारच्या आजोबांनी मला बोटाने दाखवला, मग आभाळाकडे बोट करून बोटांचा पाऊस पाडला. माँ ब्लाँ दिसला की पाऊस येणार, असा तिथला ठोकताळा. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आपल्याकडे मुंग्या अंडी घेऊन निघतात तसंच.

प्रश्न : फुकटात काय काय पाहता येईल? आणि ऑगस्टमध्ये सगळं बंद असतं हे खरं का? (एक निवृत्त शिक्षक, होटगी रोड)

सर, तेत द'ओर बागेत रोज जा. १८५७ची, ११७ हेक्टर, तळं, गुलाबाची मोठी बाग, आणि प्राणिसंग्रहालयालाही तिकीट नाही. २१ जूनला गावभर गाणंबजावणं असतं, १९८२पासून देशभर चालतं. कोणीही कुठेही वाजवावं असा प्रकार. आमच्या कोपऱ्यावर एक आजोबा अकॉर्डियन घेऊन बसले होते, चुकले की स्वतःच हसायचे. १४ जुलैला रात्री फुर्व्हिएरच्या टेकडीवरून दारूकाम, आम्ही सोनच्या काठावरून पाहिलं.

ऑगस्टचं खरं आहे. आमचा पाववाला दारावर हाताने लिहिलेला कागद लावून तीन आठवडे गेला. खाली जवळचं कोणतं दुकान उघडं आहे तेही लिहिलेलं. मला ते शिष्टाचाराचं फार आवडलं. पगारी रजा तिथे कायद्याने मिळते, १९३६ साली दोन आठवड्यांपासून सुरू झाली, वाढत १९८२ साली पाच झाली. मालक असो की कामगार, गाव सोडतातच. मी कारखान्यात असताना लग्नासाठी आठ दिवस मागितले होते, पाच मिळाले. असो. ऑगस्टमध्ये गल्ली इतकी शांत होते की दुपारी एखाद्या घरात काटा चमच्याला लागल्याचाही आवाज येतो.

प्रश्न : तुम्ही परदेशाचं कौतुक करता. सोलापूरच्या उन्हाळ्यात काहीच नाही का? (एक वाचक, गाव लिहिलेलं नाही)

आहे की. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं की उठणारी वाफ, मग गादी, मग उशाला तांब्या. पण पाणी चौथ्या दिवशी येतं तेव्हा गच्चीवर दोन बादल्या मारायला छाती लागते, हेही लिहा की पत्रात.

प्रश्न : मुलीने तिथल्या मुलाशी लग्न केलंय. व्याहीणबाईंसाठी काय न्यावं? सोलापुरी चादर नेली तर ते हसतील का, त्यांचं तर रेशमाचं गाव? (एक ताई, कन्ना चौक)

न्याच. दुसरं काही नेऊ नका. वजनाला भारी होते, तेवढं सामानात धरा. भौगोलिक मानांकनाचं लेबल बघून घ्या.

आमच्या लेकीने आमची एक चादर नदीकाठी अंथरायला घेतली होती. ते लोक पातळ कापड नाहीतर नुसतं गवत, त्यावर आपली जाड, मोठ्या फुलाची. एका संध्याकाळी तिची सहकारी आली, बसायच्या आधी वाकली, चादरीचा कोपरा उचलला आणि उलटी बाजू बघितली. तिथे तेच फूल, रंग मात्र उलटे. जमिनीचा फुलाला, फुलाचा जमिनीला. तिने दोन्ही बाजू बोटाने चाचपल्या आणि लेकीला म्हणाली, झाकार? मी लेकीच्या आधी मान हलवली.

रंग गडद घ्या, मरून किंवा निळा. गवताचे डाग साबणाने निघतात, चेरीचे निघत नाहीत.